त्यांच्या घरी जेवून ये

सुनंदा,

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. फळ्यावर तुझं नाव मीच लिहिलं, कारण असली कामं मराठीच्या बाईकडेच येतात. मोठ्या सरांनी भाषणात तुला 'विद्यार्थ्यांच्या करिअरचा दीपस्तंभ' म्हटलं. तू शेजारी असतीस तर माझ्या कानाशी पुटपुटली असतीस, "समुद्र कुठं हाये वं आपल्या जिल्ह्यात?" आणि मग मला पदर तोंडाला लावून बसावं लागलं असतं. तुझ्या खुर्चीवर नव्या पी.टी.च्या सरांना बसवलं होतं. ते पूर्ण वेळ गंभीर होते. शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर घसा बसलाय असं सांगून मोकळी झाले. घसा चांगला होता. जिच्याशी शेवटचे सतरा दिवस एक शब्द बोलले नाही, तिच्याबद्दल माइकवर काय बोलणार होते?

म्हणून इथं लिहून सांगते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, फक्त शेवटचं तेवढं माहीत नाही. तिथपर्यंत यायला मला मागून सुरुवात करावी लागेल. तू मधेच माझं वाक्य तोडणार नाहीस, हे चौदा वर्षांत पहिल्यांदाच घडतंय आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

चौदा वर्षं आपण लाखांदूरहून दिघोरीला एकाच एस.टी.नं गेलो. तू विज्ञान शिकवायचीस, मी मराठी. ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट आपली. खिडकी तुझी, कारण तुला गाडी लागते असं तू पहिल्याच दिवशी जाहीर केलंस. चौदा वर्षांत एकदाही तुला गाडी लागलेली मी पाहिली नाही. त्याच सीटवर बसून एका वर्षी आपण ठरवलं होतं की व्यवसाय मार्गदर्शनाचं काम यंदा काही झालं तरी अंगावर घ्यायचं नाही. त्याच दुपारी ते तुझ्या गळ्यात पडलं. ते काम म्हणजे एक कुलूपबंद कपाट, त्यात 'दहावीनंतर पुढे काय?' असा रंग उडालेला तक्ता, आणि वर्षातून एकदा भंडाऱ्याहून येणारा कुणीतरी पाहुणा, जो पोरांना मोठी स्वप्नं पाहायला सांगून तीनची गाडी पकडायचा. तू तक्ता गुंडाळलास आणि कपाटाच्या मागे टाकलास. तो अजून तिथंच आहे.

आपण सगळे पोरांना एकच प्रश्न विचारतो, मोठेपणी कोण होणार? उत्तरंही ठरलेली असतात. पोलीस, तलाठी, नर्स, मास्तर, फौजी. तू दुसरंच विचारायला लागलीस. "पस्तीस वर्षांची झाल्यावर साध्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तू कुठं असशील? घरी कोण असंल? कोणासंगं जेवशील?" पोरं गोंधळून जायची. एक जण म्हणाला, "मॅडम, मंगळवारी तं आमच्या इथं बाजार राह्यते." वर्ग हसला. तू हसली नाहीस. "तेव्हाही बाजाराले जायचं हाये ना तुले? मंग तसं लिहून ठेव. बाजाराले जाता येईल अशी नोकरी पाहू." मी शेजारच्या वर्गात संधी शिकवत होते. भिंत पातळ होती, म्हणून मला हे सगळं ऐकू यायचं आणि माझ्या वर्गाचंही लक्ष तुझ्याकडंच असायचं.

मग तू तुझा तो नियम काढलास. ज्याला जे व्हायचंय, त्यानं ते काम करणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन एक वेळ जेवायचं. कचेरीत भेटायचं नाही, घरीच जायचं. "हापिसात सगळेच साहेब राह्यते," तू म्हणायचीस. "नोकरी माणसाले काय करून राहिली, ते ताटावर समजते." पोर परत आलं की तुझे प्रश्न दोनच. काय जेवलास? आणि जेवायला कोण कोण होतं?

पहिल्या वर्षी हा नियम सपशेल आपटला, आणि तो आपल्याच लोकांच्या पाहुणचारामुळे आपटला. निकेशला तलाठी व्हायचं होतं. तू रीतसर फोन करून एका तलाठ्यांना कळवलंस की रविवारी आमचा विद्यार्थी जेवायला येतोय. आता मॅडमनं पाठवलेला पोरगा घरी येणार म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं? त्यांनी मोठ्या मासोळ्या आणल्या, वडे तळले, वाढायला मदत हवी म्हणून भावजयीला बोलावलं आणि भावजय आली म्हणून भाऊही आला. सोमवारी निकेशच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं. काय जेवलास? "मासोळ्या, वडे, भात, शेवया." कोण कोण होतं? "बारा-तेरा जण होते." आणि मग त्यानं आपला निष्कर्ष सांगितला, "तलाठ्याच्या घरी रोजच मंडईच्या जत्रेवानी पाहुणे राह्यते, मॅडम."

पुढचे तिघेही तसेच परतले. कंडक्टरच्या घरी पुरणपोळी झाली होती. एका वनरक्षकानं तर पोरगा येणार म्हणून रजा टाकली होती. त्या वर्षी आपल्या दहावीच्या वर्गाचं ठाम मत झालं की सरकारी नोकरीत जेवण हेच मुख्य काम असतं. मी बसमध्ये डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तू फुरंगटून बसलीस. "हासून काय राहिली? उपाय सांग."

उपाय तूच काढलास. न सांगता जायचं, कामाच्या दिवशी जायचं, आणि घरात जे असेल ते खायचं, शिळं असलं तरी. कुणी चुलीवर कढई चढवू लागलं तर तिथंच थांबवायचं. निकेश पुन्हा गेला. तलाठी चार वाजता घरी आले आणि फोन कानाशी धरूनच ताटावर बसले. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे चालू होते. बायकोनं तोवर भात तीनदा गरम केला होता. निकेशनं हे सगळं नीट सांगितलं आणि म्हणाला, "तरी मले तलाठीच व्हायचं हाये." तू म्हणालीस, "मंग हो. आता तुले माहीत तरी हाये."

आपलं कायमचं भांडण इथून सुरू झालं. मी म्हणायचे, आपल्या पोरांना निवडीचे लाड कुठं झेपतात? मिळेल ती नोकरी, मिळेल तिथं. आधी ऑर्डर हातात पडू दे, मग संध्याकाळी सातला कुठं असायचं ते पाहू. तू म्हणायचीस, "मिळंल तेच घेऊ दे. पण काय घेऊन राहिलो, ते पाहून घेऊ दे. साडी घेतानी पदर उलगडून पाहतेस ना तू? तेवढंच." निकेश अजून परीक्षा देतोय. सकाळी अभ्यासिकेत असतो, दुपारी वडिलांसोबत धानाच्या बांधीत. गेल्या हिवाळ्यात मी तुला खोचकपणे विचारलं होतं, तुझ्या त्या जेवणाचा त्याला काय उपयोग झाला? तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस. तुला गप्प केल्याचा मला तेव्हा आनंद झाला होता. आता वाटतं, तुझ्याकडं उत्तर नव्हतं आणि ते तू उगाच काहीतरी बोलून झाकलं नाहीस, एवढं तरी मला तेव्हा कळायला हवं होतं. पण सुनंदा, मी माझं म्हणणं मागं घेत नाही. तू गेलीस म्हणून मी सगळ्याच भांडणांत तुला जिंकू देणार नाही. यात अर्धं तरी माझं बरोबर आहे.

एका भांडणात मात्र पूर्ण चूक माझी होती. एका मुलीला नर्स व्हायचं होतं आणि लाखांदूरच्या ज्या नर्सबाईंकडं तिनं जायचं होतं, त्या तुमच्या समाजाच्या होत्या. मुलीचे वडील शाळेत आले. आवाज अगदी नरम ठेवून म्हणाले, "पोरीले भेटू द्या, माहिती घेऊ द्या, चहाही घेईल ते. पर जेवन कायले पायजे, मॅडम?" स्टाफरूममध्ये आपण तिघंच होतो. तू वही बाजूला ठेवलीस. "तुम्ही बिमार पडले तं त्याच बाईच्या हातचं इंजेक्शन घेता ना, भाऊ? मंग भातानं काय होते?" ते उठून गेले. आठ दिवसांनी त्या मुलीची आई स्वतः तिला घेऊन नर्सबाईंकडं गेली आणि दोघी जेवून आल्या. हे सगळं तू एकटीनं केलंस. मी त्या वेळी समोर बसून निबंध तपासत होते आणि मान वर केली नव्हती. बसमध्ये तू विचारलंस, "तू काहून चुप होती?" मी म्हणाले, "मॅटर वाढवायचं नव्हतं."

त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते आता बोलते. तुझ्या डब्यातली भाजी मी पहिल्या आठवड्यापासून घ्यायचे आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटायचं. पण तुझ्या घरी ताटावर बसायला मला तीन वर्षं लागली. कधी उपवास असायचा, कधी घाई, कधी आत्ताच जेवून आले, फक्त चहा दे. तू एकदाही आग्रह केला नाहीस. मग एके दिवशी तुझ्याकडं बसून भात, चवळीची भाजी आणि आंब्याचं लोणचं जेवले आणि जगात काही उलटंपालटं झालं नाही. त्यानंतर दीडेक वर्षानं तू शाळेत जेवणाचा नियम काढलास. तो तुला माझ्यावरून सुचला का, असं तुला विचारायचं माझ्या मनात फार होतं. विचारायची हिंमत झाली नाही. हो म्हणाली असतीस तर मला तोंड लपवावं लागलं असतं, आणि नाही म्हणाली असतीस तर मी विश्वास ठेवला नसता.

त्याच सुमारास तू वैशालीला माझ्या घरी पाठवलंस. तिला मास्तरीण व्हायचं होतं. ती न सांगता, सकाळी नऊला, दोन वेण्या घट्ट बांधून दारात उभी. मी ओळखलं की ही तुझीच पिल्लावळ. तिला माझ्या ऋताच्या बाबांजवळ बसवलं, वरणभात आणि वांग्याची भाजी वाढली, आणि आम्ही सगळे आपापल्या वाटेला लागलो. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी तुला सारखी विचारत होते, काय सांगितलं गं पोरीनं? तू म्हणालीस, "भाजी चांगली होती म्हणे." आणखी? "आणखी काही नाही." पुढं तिनं मास्तरकीचा नाद सोडला तेव्हा मला थोडा रागच आला. माझ्या घरात असं काय कमी दिसलं या पोरीला?

आता ऋताकडं येते. माझी लेक तुझ्यासमोर मोठी झाली. बारावीनंतर तिला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत आयुर्वेदाला नंबर लागण्याजोगे गुण मिळाले आणि मी मनातल्या मनात दारावर तिच्या नावाची पाटीही लावून टाकली. तू तिला साकोलीच्या एका डॉक्टरांकडं जेवायला पाठवलंस. ती परत आली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "आई, मी डी.एड. करतो. मले लहान पोरांले शिकवायचं हाये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कायम व्हायला नऊ वर्षं लागली, हे तुला माहीत आहे. दर जूनला वाटायचं, यंदा ठेवतील की काढतील. कायम झाल्यावर निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, रोजचे कागद. आणि आता तर जागाच निघत नाहीत. पोरं पदविका घेऊन वर्षानुवर्षं बसलेली आहेत. जे मी सोसलं ते माझ्या पोरीनं सोसायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात तिच्यासाठी ठरवली होती. आणि ती पोर हसत हसत त्याच विहिरीत उतरायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये तुला गाठलं. मला खात्री होती की हे तूच तिच्या डोक्यात घातलंय. "तुझा नियम कुठं गेला?" मी म्हणाले. "डॉक्टरकडं जेवली, मास्तरच्या घरी कुठं गेली जेवाले?"

तू शांतपणे म्हणालीस, "अठरा वर्षं तुझ्याच घरी जेवली वं ते. तिच्याएवढा नियम कोणीच पाळला नाही."

मला हे झोंबलं. का झोंबलं ते तेव्हा कळलं नाही. मी आवाज चढवला. "सोताचा पोरगा नागपूरले इंजिनियर केला, आन् दुसऱ्याची पोरगी डी.एड.ले धाडून राहिली." अख्खी गाडी ऐकत होती. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन हातात घेऊन उगीच खालीवर केलं. तू एवढंच म्हणालीस, "तिनं पाहून घेतलं, छाया. आता एक डाव तू पाहून घे." मी उठले आणि मागच्या सीटवर, धानाच्या रोवणीला निघालेल्या बायांमध्ये जाऊन बसले. त्यांनी सरकून जागा दिली आणि सौजन्यानं काही विचारलं नाही.

पुढचे सतरा दिवस मी तिथंच बसले. तू तुझ्या खिडकीत, आणि तुझ्या शेजारची जागा रिकामी. तू तिथं पिशवी ठेवायचीस आणि कोणी बसू लागलं तर ती उचलायची नाहीस, हे मी मागून रोज पाहत होते. मला वाटायचं, आता उद्या जाऊ. मग वाटायचं, तिनं बोलवावं. स्टाफरूममध्येही मी खिडकीशी उभी राहून डबा खायचे, पूर्वीसारखी. तू एकदा खुर्ची पुढं ओढलीस. मी पाठ फिरवली.

अठराव्या दिवशी तुझी सीट रिकामी होती. कंडक्टरनं विचारलं, "रामटेके मॅडम नाही आल्या?" मला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी ऐटीत सांगितलं, "रजेवर आहेत त्या." दिघोरीला शाळेच्या फाटकाशी पोरांचा घोळका उभा होता आणि एकही पोर दंगा करत नव्हतं. तेव्हा कळलं, तुला पहाटे झटका आला होता. मी तुला रजेवर पाठवलं तेव्हा तुला जाऊन चार तास झाले होते.

पुण्यानुमोदनाला मी तुझ्या घरी आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते, तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती होती, बुद्धवंदना झाली. मी कोपऱ्यात बसले आणि काढता पाय घ्यायची वेळ पाहत होते. तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन बसली, कडेवर लेकरू. वैशाली. दोन वेण्यांची आता एक झाली होती. तिला तुमसरच्या पलीकडं, बपेऱ्याला दिलंय आणि ती तिथंच गावच्या पोस्टात काम करते. दुपारी एक वाजता घरी येते, म्हणाली. तेवढं तिनं न विचारता सांगितलं, अभिमानानं.

मग म्हणाली, "मॅडम, मी तुमच्या घरी जेवली होती, आठवते तुम्हाले?"

मी म्हणाले, आठवतं. आणि इतक्या वर्षांचा प्रश्न शेवटी विचारला. "रामटेके मॅडमना तू काय सांगितलं होतंस गं?"

तिनं लेकरू मांडीवर घेतलं. "मॅडमनं विचारलं, जेवाले कोण कोण होतं. मी म्हटलं, मी होती, ऋता होती, ऋताचे बाबा होते. छाया मॅडम नोहत्या. त्या ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवल्या, घड्याळाकडं पाहत. मले मास्तरीन व्हायचं होतं, पर उभ्यानं नोहतं जेवायचं."

"मग मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हे छाया मॅडमले नको सांगू. मी पाहीन काय करायचं ते."

मी तिच्या लेकराच्या पायातला वाळा फिरवत बसले.

सुनंदा, तू काय पाहिलंस ते मला तिथं बसल्याबसल्या समजलं. वैशाली जेवून गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू डब्याच्या सुट्टीत माझ्यासाठी खुर्ची ओढायला लागलीस. मी वर्गातलं काहीतरी सांगायला तोंड उघडलं की तू म्हणायचीस, "आधी बस वं, मंग सांग." रोज. न चुकता. कित्येक वर्षं. मला वाटायचं, ही बाई मुळातच हुकूम सोडणारी आहे. मी एकदा चिडून म्हणाले होते, मी काय तुझ्या वर्गातली पोर आहे का? तू म्हणालीस, "हो. बस." आणि मी बसायचे. दिवसातलं ते एकच जेवण मी बसून करत होते आणि ते तू मला करायला लावत होतीस, हे मला तुझ्या फोटोसमोर बसून कळलं. तेव्हा मी रडले. शोकसभेत नाही रडले, तिथं रडले, आणि तुझ्या घरच्यांना वाटलं की मैत्रीण गेली म्हणून रडतेय. ते तर होतंच.

तिथं जेवण होतं. मी जेवले. भात, वरण, भोपळ्याची भाजी. तुझ्या नवऱ्यानं स्वतः वाढलं. मी एकदाही घाई आहे म्हणाले नाही.

घरी आले तेव्हा ऋताच्या अर्जाची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. महिनाभर घरात त्या विषयावर अबोला होता. ती अर्ज भरून बसली होती, पण माझ्या होकाराशिवाय पाठवणार नाही म्हणत होती, आणि तिचा हा चांगुलपणाच मला जास्त छळत होता. संध्याकाळी ती भात वाढून घेत होती. मी ओट्याला टेकून उभी होते. तुझ्यासारखा आवाज काढायचा नव्हता, पण निघाला. मी विचारलं, "अठरा वर्षं मास्तरणीच्या घरी काय जेवलीस?"

तिनं वर पाहिलं. हा प्रश्न कोणाचा आहे, हे तिला लगेच कळलं.

"वरणभात," ती म्हणाली. "वांग्याची भाजी. बुधवारी अंडे. भाजीत मीठ कमी, काहून का तू घाईत राह्यतेस."

"आणि जेवायला कोण कोण होतं?"

तिनं हातातली पळी भाताच्या पातेल्यात ठेवली. तिचे बाबा हातातला घास तसाच धरून बसले.

"बाबा होते, मी होती," ती म्हणाली. "तू इथं, ओट्यापाशी. पर आई, तू उभी राहून खाता खाता शाळेतलंच सांगत राह्यतेस. कोण्या पोरानं निबंधात काय लिहिलं, कोण पहिल्यांदा न अडखळता वाचलं. ते सांगतानी तू जशी हासतेस ना, तशी दुसऱ्या कोणत्याच गोष्टीले नाही हासत. डॉक्टरच्या घरचे लोक चांगले होते, आई. जेवनही चांगलं होतं. पर मले ते हासनं पायजे."

मी म्हणाले, "आणि नऊ वर्षं? तुला बारा लागली तर? जागाच निघाली नाही तर?"

"ते मले माहीत हाये. मी पाहूनच तं मोठी झाली." मग तिनं पाणी प्यायलं आणि म्हणाली, "नाही निघाली तं दुसरं काही पाहीन. पर निघाली तं मी शिकवीन. आन् बसून जेवीन."

मी होकार दिला असं इथं लिहिलं तर तू फार खूश होशील, म्हणून सांगते की लगेच नाही दिला. रात्र जाऊ दिली आणि सकाळी दिला. तिला नोकरी लागेल की नाही, या आपल्या भांडणात मी अजून माझ्याच बाजूला आहे. मला भीती वाटते, ती तशीच आहे. पण बसमध्ये जे बोलले ते चुकीचं होतं, सुनंदा. तुझ्या पोराचं नाव काढायला नको होतं. आणि तू खुर्ची ओढलीस तेव्हा पाठ फिरवायला नको होती. हे मी अठराव्या दिवशी सांगणार होते, असं म्हणायची सोय नाही. कदाचित विसाव्या दिवशी सांगितलं असतं. तू थांबली नाहीस.

त्या संध्याकाळी मात्र एक गोष्ट लगेच केली. ऋताचं बोलणं झाल्यावर मी ओट्यावरचं माझं ताट उचललं आणि खाली त्या दोघांजवळ आले. ऋताच्या बाबांनी पाण्याचा तांब्या सरकवून जागा केली. वैशाली भेटल्याचं मला त्यांना सांगायचं होतं, तिच्या पोस्टाचं, तिच्या लेकराचं, तुझ्या घरच्या जेवणाचं. सगळं तोंडाशी आलं होतं.

आधी बसले, सुनंदा. मग सांगितलं.